'वाचन सराव आवश्यक' लिहिण्याआधी: पहिली ते चौथीच्या सर-मॅडमना एका आईचं पत्र

पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना, आणि तुमच्या मुख्याध्यापकांना,

नमस्कार.

माझा मुलगा आता आठवीत आहे. तुमच्यापैकी कुणाच्याच वर्गात तो आता नाही, त्यामुळे माझं स्वतःचं काही काम तुमच्याकडे अडलेलं नाहीये. तरी लिहितेय, कारण तो जेव्हा तुमच्यासारख्यांच्या वर्गात होता तेव्हा काहीतरी दिसलं होतं, दरवर्षी दिसलं होतं, लिहूनसुद्धा ठेवलं होतं, आणि ते म्हणजे डिस्लेक्सिया, बुद्धी असूनही वाचायला अडणं, हे कळायला आम्हाला सातवी उजाडली.

मागच्या महिन्यात फाईल लावायला म्हणून त्याची सगळी प्रगतीपत्रकं काढली. पहिलीला लिहिलंय, वाचन सराव आवश्यक. दुसरीला वाचन सराव आवश्यक, अक्षर सुधारावे. तिसरीला वाचन सराव आवश्यक, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. चौथीला परत तेच आणि खाली, अभ्यासात चंचल. चार वर्षं, तीन वेगवेगळे शिक्षक, आणि तिघांनी एकच गोष्ट बघितली होती. म्हणजे नजर कुणाचीच चुकली नव्हती आणि मला तेच सांगायचंय. तुम्हाला दिसतं. आमच्या आधी दिसतं, डॉक्टरांच्या तर कितीतरी आधी, कारण तुमच्यासमोर त्याच वयाची तीस-चाळीस पोरं बसलेली असतात आणि आमच्यासमोर एकच.

आणि सराव आम्ही केला हो. मी घरी शिलाईकाम करते, संध्याकाळी मी मशीनवर आणि तो समोर पुस्तक घेऊन, एक पान वाचून दाखवल्याशिवाय जेवायला उठायचं नाही असा नियम. एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतला. दहा वेळा लिहिताना सातव्या वेळेपर्यंत तोच शब्द तीन प्रकारे लिहिलेला असायचा, मग मी चिडायचे, की अरे समोर बघून लिहायचंय ते तरी कसं चुकतं. मारलंय मी त्याला. माझ्या मापाच्या लाकडी पट्टीने मारलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. हे चारचौघांत लिहायला मला सोपं जात नाहीये, पण 'सराव आवश्यक' हे दोन शब्द आमच्यासारख्यांच्या घरी पोचल्यावर त्याचं काय होतं हे तुम्हाला कळायला पाहिजे असं वाटतं. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की पोरगं करू शकतं पण करत नाहीये.

दुसरीत असताना तर तो आम्हाला धडा घडाघडा वाचून दाखवायचा. बोट ओळीवर ठेवून, बरोबर थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून. सासूबाई कौतुकाने ऐकत बसायच्या. एक दिवस पान उलटताना दोन पानं एकदम उलटली गेली आणि हा तसाच पुढे वाचत राहिला, मधल्या राहिलेल्या पानावरचं सगळं, शब्दन् शब्द. त्याला पाठ होता पूर्ण धडा. वर्गात बाकीची मुलं वाचतात ते ऐकून ऐकून पाठ केलेला. त्या दिवशी मला कळायला हवं होतं की सहा-सात वर्षांचं पोर एवढी मेहनत का घेतंय. मी त्याला लबाड म्हणाले.

मग डोळे तपासले, चष्मा नाही निघाला. दृष्ट काढून झाली. ट्यूशन लावली, तिथल्या बाई म्हणाल्या हुशार आहे पण आळशी आहे. मोबाईल बंद केला. चौथीनंतर त्याने वर्गात हात वर करणं सोडलं, आणि वाचायला नंबर येणार असेल त्या दिवशी सकाळीच पोट दुखायला लागायचं. खरंच दुखायचं, मी नाटक समजायचे.

सहावीत असताना बीएडच्या इंटर्नशिपला एक मॅडम शाळेत आल्या, तेवीस-चोवीस वर्षांच्या असतील. चाचणीत इतिहासाचा त्याचा पेपर जवळजवळ कोरा होता. त्यांनी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं आणि तेच प्रश्न तोंडी विचारले, आणि त्याने सगळी उत्तरं दिली, वरून पुस्तकात नसलेलं आजोबांकडून ऐकलेलं पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं की ताई, याला येतंय, फक्त कागदावर येत नाहीये, एकदा तपासून घ्या. पंधरा मिनिटं गेली असतील त्यांची. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'येतंय' म्हणालं होतं.

तपासणीची गोष्ट थोडक्यात सांगते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी यांची कामावरची हजेरी बुडवून गेलो, तर ज्यांनी टेस्ट घ्यायची ते पदच रिकामं होतं. मोठ्या शहरात जा म्हणाले. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एलडीचं, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीचं, क्लिनिक आहे असं कुणीतरी सांगितलं, पण तिकडे राहायची सोय नाही आणि एका फेरीत होणारं हे काम नसतं, आधी कान-डोळे, मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांकाची टेस्ट, मग वाचन-लेखन-गणिताची वेगळी टेस्ट. शेवटी खाजगीत केलं, दोन महिन्यांच्या शिलाईचे पैसे गेले. रिपोर्टमध्ये आलं की बुद्ध्यांक १०४ आणि वाचनाची पातळी दुसरीची. डिस्लेक्सिया, आणि त्याबरोबर डिस्ग्राफिया, म्हणजे लिहायला अडणं. मी टेस्ट घेणाऱ्या मॅडमना फक्त एक विचारलं, म्हणजे तो मुद्दाम करत नव्हता? त्या म्हणाल्या, नाही, तो इतरांपेक्षा तिप्पट जोर लावत होता. बसमध्ये परत येताना तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता आणि मला ती पट्टी आठवत होती.

मग दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी परत सरकारी चक्कर, ती वेगळी.

घरी रिपोर्ट वाचून दाखवल्यावर माझ्या मिस्टरांचा पहिला शब्द, पोराला वेडं ठरवून आलीस काय. सासूबाईंना दिव्यांग हा शब्द ऐकूनच रडू आलं, उद्या याचं लग्न कसं जमायचं म्हणाल्या. मी त्यांच्यावर रागावले नाही. धडधाकट, पळणारं, बोलणारं पोर आणि त्याच्या नावाचं दिव्यांगाचं कार्ड, हे पचायला वेळ लागतो. मुलाने मात्र वेगळंच विचारलं, मला दुसऱ्या शाळेत टाकणार का. बरेच दिवस त्याच्या डोक्यात तेच होतं.

आता शाळेचं. रिपोर्ट घेऊन शाळेत गेले तर सांगितलं, ताई आत्ता सातवीत कशाला घाई, दहावीला सवलती मिळतात तेव्हा बघू. मी त्या शाळेचं नाव घेणार नाही, कारण नंतर आमच्यासारख्या कितीतरी आयांशी बोलले आणि सगळ्यांना थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालंय. एलडी म्हटलं की दहावीचा जादा वेळ, लेखनिक, वीस वाढीव गुण एवढंच डोळ्यासमोर येतं. त्या सवलती पाहिजेतच, आपल्या महाराष्ट्राने तर १९९६ मध्येच त्या सुरू केल्या. पण दहावीला लेखनिक देणं म्हणजे याला वाचता-लिहिता आलं नाही हे मान्य करून पुढचा रस्ता काढणं झालं. त्याच्या आधीची नऊ वर्षं त्याला वाचायला कोण शिकवणार?

कायदा काय म्हणतो ते मी नंतर शोधून शोधून वाचलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात हे नव्हतंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजेच हे एलडी, आली. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये सरळ लिहिलंय की अशी मुलं शाळेने लवकरात लवकर ओळखायची आणि त्यांना शिकवायच्या पद्धतीत योग्य ते बदल करायचे. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात तर अजून स्पष्ट आहे, की तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी मुलांची प्राथमिक पडताळणी करायची, आणि प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खाजगी, एक समिती असायची आणि तिचे प्रमुख मुख्याध्यापक. मी ज्या ज्या आईला विचारलं तिला ही समिती माहीत नाही. मुख्याध्यापक सर, मॅडम, तुमच्या शाळेत ती असेल तर पालकसभेत एकदा सांगा, आणि नसेल तर या सत्रात करा. त्याच सूचनांप्रमाणे सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, पण शिकवायची पद्धत बदलायला सर्टिफिकेट लागत नाही.

पडताळणीसाठी साधन नाही असं कुणी म्हणालं तर तेही आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेलं 'डाली' २०१५ पासून आहे, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे, आणि त्यात खास शिक्षकांनी भरायचे तक्ते आहेत, पहिली-दुसरीसाठी वेगळा आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळा. मराठीतून असणं फार महत्त्वाचं आहे. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजीचे शब्द वाचायला देऊन काय कळणार?

आणि आपली लिपी. मला वाटायचं मराठी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो. त्याला शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकेने मला समजावलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांनी पान बघितलं. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते पण म्हणायची नंतर. 'अर्धा' मध्ये र आधी म्हणायचा पण रफार बसलाय ध च्या डोक्यावर. 'पूर्ण', 'प्रकाश', 'राष्ट्र', 'सुऱ्या', एकच र आणि चार ठिकाणी चार रूपं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष, एवढ्याशा गाठीचा नाहीतर रेघेचा फरक. डोळ्यांनी सगळं नीट दिसतं, पण खूण आणि आवाज यांची जोडी त्याच्या डोक्यात आपोआप लागत नाही, प्रत्येक वेळी नव्याने लावावी लागते, आणि ती लावेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरायला होते. मूळ गडबड आवाजाची आहे. 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं, असं तोंडी विचारलं तर पहिलीतली बरीच मुलं थोडा विचार करून 'मळ' सांगतात. माझ्या मुलाला हे बाराव्या वर्षी जमत नव्हतं. जमत नव्हतं आणि आम्ही त्याच्याकडून शुद्धलेखन लिहून घेत होतो.

आता त्याचं शिकणं आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर चालतं. आधी आवाज तोडणं-जोडणं, मग एकच अक्षर, मग तेच अक्षर तीन-चार शब्दांत, परत परत, पण घाई न करता. मी अस्तराच्या जाड कॅनव्हासची अक्षरं कापून दिली, तो त्याच्यावरून बोट फिरवत मोठ्याने म्हणतो. दीड वर्ष झालं. चौथीच्या पातळीचा उतारा आता हळूहळू पण खरा वाचतो, पाठ केलेला नाही. हेच तिसरीत सुरू झालं असतं तर, हा विचार मी रोज करते आणि रोज बाजूला ठेवते.

म्हणून तुम्हाला काय विनंती करायची ते सांगते. पहिलीत घ-ध चा गोंधळ सगळ्याच मुलांचा होतो, त्याची काळजी नको. पण दुसरी संपताना, तिसरीत, एखादं मूल बोलायला चुणचुणीत आहे, गोष्ट ऐकून नीट सांगतंय, तोंडी हिशोब करतंय, आणि पुस्तक उघडलं की गप्प होतंय, फळ्यावरचं उतरवायला सगळ्यांच्या दुप्पट वेळ घेतंय, एकच शब्द एकाच पानावर वेगवेगळा लिहितंय, तर त्याला सुट्टीत जवळ घेऊन दोन प्रश्न तोंडी विचारा. आणि आईबापांना बोलावून त्यांच्याशी बोला, प्रगतीपत्रकात लिहून सोडून देऊ नका. डिस्लेक्सिया आहे असं तुम्ही सांगू नका, ते तुमचं काम नाही, फक्त एवढं म्हणा की याला समजतंय पण वाचायला अडतंय, तपासून घेऊया. पालक चिडतील. माझ्या मिस्टरांसारखे ओरडतील पण. तरी सांगा, दुसऱ्यांदा सांगा.

वर्गासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावणं एवढं मात्र बंद करा अशा मुलांचं. आणि लाल पेनाने सगळं पान भरू नका, एका वेळी एकच चूक दाखवा. उत्तर बरोबर असेल तर ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण कापू नका, निदान इतिहास-भूगोलात तरी. त्याला काही बुद्धी जास्त द्यायची नाहीये, त्याच्याकडे आहे ती मोजायची पद्धत बदलायचीय.

तुमच्या मागे किती कामं आहेत ते मला दिसतं. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, दोन वर्ग एका खोलीत. ती म्हणते वहिनी मला ओळखू आलं तरी पुढे पाठवू कुणाकडे. तिचं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि २०२४ मध्ये आपल्या सरकारने प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. एका केंद्रात दहा-बारा शाळा, आणि त्या एका शिक्षकाकडे फक्त एलडीच नाही, ऐकू न येणारी, न दिसणारी, सगळीच मुलं. अपुरं आहे, पण जे आहे त्यांच्यापर्यंत नाव तर पोचू दे. तुम्ही नाव पाठवलंच नाही तर वरच्या कागदावर आपल्या तालुक्यात अशी मुलंच नाहीत असं दिसतं, आणि मग ते रिकामं पद भरायची कुणाला गरज वाटणार? भारतातल्या निरनिराळ्या अभ्यासांत एलडी असलेल्या मुलांचं प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्के सांगतात. चाळीसच्या वर्गात दोन तरी धरा.

अजून एक, सवलतींच्या फॉर्मबद्दल. माझ्या मुलाला गणित येतं, अडतं ते शाब्दिक उदाहरण वाचताना. तरी एका ठिकाणी मला सहज सांगितलं गेलं की बीजगणित-भूमिती सोडून द्या, त्याऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्या, सोपं पडेल. सोपं पडेल, पण पुढे सायन्स किंवा डिप्लोमा करायचा म्हटला तर दार बंद होतं. कुणाला काय अडतंय ते रिपोर्टमध्ये वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते वाचून मगच सांगा. माझ्या मुलाला प्रश्न वाचून दाखवणारं माणूस पाहिजे, गणित कमी नको.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून केवढा गदारोळ झाला, शेवटी सरकारने निर्णय मागे घेतले. मी टीव्हीवर रोज बघत होते. भाषेच्या अभिमानाचं सगळे बोलत होते आणि ते बोलायलाच हवं, पण ज्या पोराला पहिलीच लिपी अजून हाताला लागली नाही त्याच्यावर अजून एक भाषा आली की त्याचं काय होतं, हे मी ऐकलेल्या एकाही चर्चेत आलं नाही. कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची तरतूद आहे, हे तरी पालकांना सांगा.

लोक माझी समजूत घालायला म्हणून सांगतात की अशी मुलं पुढे फार मोठी होतात, अमका शास्त्रज्ञ असाच होता. चांगल्या मनाने सांगतात. पण माझा मुलगा कुणी मोठा झाला नाही तरी चालेल मला. बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बँकेचा फॉर्म, हे त्याला कुणाला न विचारता वाचता यावं, आणि शाळेत जाताना सकाळी पोट दुखू नये, एवढंच.

आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत पास-नापासची झालीय, म्हणजे या वर्षी त्याची आहे. नवीन वर्गशिक्षकांना मी फाईल दाखवलीय, त्यांनी वाचली, जादा वेळ आणि तोंडी उत्तरांचं लिहून घेतलंय. त्यांचे मी आभार मानते. तुमच्याकडे एवढंच मागते की येत्या शनिवारी अर्धा तास काढा, तुमच्या वर्गाच्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी काढा, आणि 'वाचन सराव आवश्यक' हे सलग दोन्ही वर्षं कुणाकुणाच्या नावापुढे लिहिलंय ते बघा. दोन-तीन नावं निघतील. सोमवारी त्यांच्या घरी निरोप धाडा.

आपली,
आठवीतल्या एका मुलाची आई